ठकी चालेल

१

माझा हात हलका आहे, असं सगळे म्हणतात. अठरा वर्षं मी हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये काम करतोय. डॉक्टर मोडलेला हात ओढतात, मी वरून धरून ठेवतो, आणि हाड जागेवर बसलं की आतून एक आवाज येतो. ओल्या फडक्यात गुंडाळून काकडी मोडली तर येईल, साधारण तसा. नव्या नर्सेस तो ऐकून पांढऱ्या पडतात. मला तो झोपेतही ओळखता येईल.

तर हा हलक्या हाताचा माणूस त्या महिन्यात एकाच्या नाकाचं हाड मोडून बसला. एक गृहस्थ पाच-सहा वर्षांच्या पोरीला घेऊन आले होते, मनगट मोडलेलं. पोरगी कळवळली, हात हलला, तशी त्यांनी तिच्या कानाखाली वाजवली. प्लास्टरच्या पट्ट्या भिजवायचं स्टीलचं पातेलं माझ्या हातात होतं. पुढचं मला नीट आठवत नाही. पातेलं चेपलं होतं, एवढं खरं.

"अरे, तू म्हणजे गरीब गाय," मोठे डॉक्टर म्हणाले. "तुझ्या अंगात काय शिरलं? तीन आठवडे मला तोंड दाखवू नकोस. कुठेतरी जा, डोकं थंड करून ये."

मी गरीब गाय कधीच नव्हतो. माझ्या बापानं मला कमरेच्या पट्ट्यानं फोडून काढलेलं आहे. जिन्यात त्याच्या चपला वाजल्या की मी पलंगाखाली शिरायचो. तोच राग माझ्यातही आहे, फक्त मी त्याच्यावर बसून असतो. मुलगी झाली त्या दिवशी मी एकच गोष्ट ठरवली. हिला जगात कशाचीही भीती वाटो, माझी वाटता कामा नये. चार वर्षं मी ते पाळलं होतं. बाकी सगळं गेलं खड्ड्यात, एवढं एक टिकलं तरी मला पुरे होतं.

मुलीचं खरं नाव लांबलचक आहे. जन्मली तेव्हा ती डोळे वटारून नुसती बघत बसायची, रडायचीसुद्धा नाही, म्हणून माझ्या मेव्हणीनं तिला ठकी म्हणायला सुरुवात केली. जुन्या घरांत लाकडाची ठोकळ्यासारखी बाहुली असायची, तिला ठकी म्हणतात. तेच नाव चिकटलं.

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. तिथे येणाऱ्या कुणीतरी तिला या हॉटेलबद्दल सांगितलं. तळ्याकाठी आहे, शांत आहे, डोकं फिरलेली माणसं चार दिवसांत सुतासारखी सरळ होऊन येतात. ठकीला मेव्हणीकडे ठेवायचं ठरलं होतं, पण तिच्या घरात कांजिण्या निघाल्या. मग बायकोनं हॉटेलला पुन्हा फोन केला. फोन स्पीकरवर होता, मी शेजारीच दाढी करत होतो.

"बरोबर काय आणताय?" पलीकडून एका बाईंनी विचारलं.

"काही नाही हो. आमची ठकी आहे फक्त. चालेल ना?"

पलीकडे जरा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला.

"ठकी चालेल," बाई म्हणाल्या.

आमचा जीव भांड्यात पडला.

२

पोचल्यावर पाच मिनिटांत कळलं, की लहान पोराला घेऊन यायची ही जागा नव्हे. पांढरे सोफे. काचेची टेबलं, त्यांचे कोपरे नेमके ठकीच्या कपाळाच्या उंचीचे. भिंतीवर पाटी, 'कृपया हळू बोला.' पोहण्याचा तलाव होता, पण त्यात कुणी पोहत नव्हतं. कडेला आरामखुर्च्यांवर मोठी माणसं डोळे मिटून पडली होती. झोपाळा नाही, घसरगुंडी नाही, टीव्हीसुद्धा नाही.

"बाबा, इथे सगळे आजारी आहेत का?" ठकीनं खणखणीत आवाजात विचारलं. चार डोकी वळली.

"हळू बोल गं."

"हळूच बोलतेय!" ती ओरडली.

मला हसू आलं, बायकोनं कपाळाला हात लावला. चार दिवस हिला काय खेळवायचं, हीच तेव्हाची आमची मोठी काळजी होती.

एक गोष्ट मात्र गमतीची वाटली. प्रत्येक पाहुण्याकडे घरातली एखादी वस्तू होती. एक बाई गाडीच्या टपाला लाकडी खुर्ची बांधून आल्या होत्या. दुसऱ्या जोडप्यानं शिवणयंत्र आणलं होतं. आमच्या पुढे रांगेत उभे असलेले एक निवृत्त मास्तर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ छातीशी धरून होते. त्याची टिकटिक टॉवेलातूनही ऐकू येत होती.

"आजोबा, तुमचं घड्याळ झोपलंय का?" ठकीनं विचारलं.

"नाही बाळ," मास्तर म्हणाले. "जागंच आहे ते. चाळीस वर्षं झोपू दिलं नाही मेल्यानं."

काउंटरवर राखाडी कपड्यांतल्या व्यवस्थापक बाई होत्या. फोनवरचा आवाज त्यांचाच. त्या वाकून म्हणाल्या, "हीच का ठकी?" आणि त्यांनी तिचा गाल धरला नाही, केसांवरून हात फिरवला नाही. दोन बोटांनी तिचा दंड चाचपला, मग पोटरी. भाजीवालीसमोर दुधी बघतात, तसं. मला ते आवडलं नाही. पण लोकांना पोरं हाताळायची सवय नसते, असं म्हणून मी गप्प बसलो. आमची खोली वरच्या मजल्यावर होती, नऊ नंबरची.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ठकीला निजवलं. बरोबर तीनला खालून पहिला आवाज आला. काच फुटल्याचा.

मी दचकून जिन्यापर्यंत गेलो. बाई खालून वर बघून हसल्या. "मोकळी खोली," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही? आपण आणलेली वस्तू आपल्याच हातानं फोडायची. आज मास्तरांची पाळी आहे. माणूस मोकळा होतो."

मी खोलीत येऊन बायकोला सांगितलं. दोघंही तोंडावर उशी धरून हसलो. म्हणजे त्या खुर्च्या आणि ती यंत्रं त्यासाठी! लोकांच्या डोक्यात काय काय येतं.

"तू पण हॉस्पिटलातलं ते चेपलेलं पातेलं आणायचंस," बायको म्हणाली.

खाली घाव पडतच होते. आधी लाकूड वाजलं, मग पत्रा, मग स्प्रिंगा सुटल्याची झणझण. घड्याळ फोडायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं झाली, दहा झाली. घाव बदलले. आता ते कशावर तरी मऊ बसत होते. आणि मग, एका घावानंतर, तो आवाज आला. ओल्या फडक्यातला.

मी स्वतःची समजूत घालू लागलो. घड्याळाची पेटी लाकडाची आहे, तळ्याकाठी हवा दमट, दमट लाकूड असंच मोडत असेल. खाली गादी अंथरली असेल, म्हणून आवाज दबतोय. मी स्वतःला असं पटवत होतो, आणि कान मात्र आपलं काम करत होते. पुढचा हाताचा होता, कोपराखालचा. त्यापुढचा बरगडीचा. अठरा वर्षांत मी या आवाजांत चुकलेलो नाही.

"काय रे, घाम का फुटलाय?" बायकोनं विचारलं.

"उकडतंय," मी म्हणालो. ठकी शांत झोपली होती.

४

संध्याकाळी चहाला मास्तर भेटले. चेहरा धुऊन काढल्यासारखा, दहा वर्षांनी तरुण. मी काही विचारायच्या आत माझी नजर त्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. घड्याळ तिथे होतं. काच धड, काटे धड, पेटीवर ओरखडा नाही.

"फोडलं नाहीत वाटतं?" मी विचारलं.

"फोडलं की. तुकडे तुकडे केले." त्यांनी हात दाखवले, तळव्यांना फोड आले होते. "असं बरं वाटलं म्हणून सांगू! आयुष्यात एवढं बरं वाटलं नव्हतं."

"मग हे?"

मास्तरांनी आवाज खाली आणला. "ते परत देतात. आहे तसं. मोडतोड काही राहत नाही, फक्त..." ते उठले आणि घड्याळाकडे दोन पावलं गेले. टिकटिक थांबली. ते मागे आले, खुर्चीत बसले. जरा वेळानं टिकटिक पुन्हा सुरू झाली, अगदी बारीक.

"मी जवळ गेलो की श्वास धरून बसतं," मास्तर म्हणाले. आणि मग हसले. "पण खरं सांगतो, मला त्याचं काही वाटतच नाही."

मी कप तसाच ठेवून उठलो. चावी संपत आली असेल. टेबल हललं असेल. म्हातारा चळला असेल. एकटं राहून राहून होतं माणसांचं असं. मी बायकोला यातलं काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं होतं काय? एक घड्याळ थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

५

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या दालनाबाहेर मला तो फळा दिसला. रोज तिथूनच जात होतो, वाचला नव्हता. वर लिहिलं होतं 'मोकळी खोली', खाली रकाने. खोली पाच, घड्याळ. खोली दोन, खुर्ची. खोली नऊ, ठकी. वेळ दुपारी तीन. ठकीपुढे तारीख आजची.

मी मोठ्यानं हसलो. आत्ता उलगडा झाला! आम्ही म्हणालो ठकी, आणि यांना वाटलं आम्ही जुनी लाकडी बाहुली घेऊन फोडायला येतोय. घरी जाऊन मेव्हणीला सांगायला झकास किस्सा झाला असता. मी हसतहसत काउंटरवर गेलो.

"बाई, तुमची गंमतच झाली. फळ्यावर ठकी लिहिलंय ते पुसा. ठकी म्हणजे बाहुली नाही हो, आमची मुलगी ती! तुम्ही दंड धरून बघितलात ना, ती."

बाईही हसल्या. "हो, हो. फोनवर आम्हाला आधी बाहुलीच वाटली होती. नंतर कळलं." त्यांनी वहीचं पान उलटलं. "चालेल. मूल चालतं."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता, धमकी नव्हती. रक्ताचा नमुना सकाळऐवजी दुपारी दिला तर चालेल, असं आमच्याकडची काउंटरवरची मुलगी सांगते, तसा आवाज.

तळपायाची आग मस्तकात गेली. माझा हात काउंटरवरून त्यांच्या गळ्याशी गेला, कॉलरही मुठीत आली. त्या मागे सरकल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्या मनगटाकडे पाहिलं.

"केवढं थरथरतंय," त्या मायेनं म्हणाल्या. "अजून वीसच मिनिटं. मग बरं वाटेल."

मी कॉलर सोडली. दोन-दोन पायऱ्या चढत खोलीत गेलो. "सामान भर, आत्ताच्या आत्ता निघायचंय."

"अरे पण झालं काय?"

"गाडीत सांगतो. ठकीला डोळ्याआड करू नकोस. एक क्षणसुद्धा."

माझा चेहरा बघून तिनं पुढे विचारलं नाही. ठकी खिडकीच्या कट्ट्यावर बसून केळं खात होती. "बाबा, साल कुठे टाकू?" तिनं विचारलं. मी साल तिच्या हातातून घेतलं, खिशात कोंबलं, दोन बॅगा उचलल्या आणि गाडी दाराशी आणायला खाली उतरलो. बायको म्हणाली, "पाच मिनिटांत आलोच आम्ही."

६

गाड्या मागच्या बाजूला होत्या. तिकडे जायचा बोळ मोकळ्या खोलीवरून जातो. मी पाय उचलून चाललो होतो. दार बंद होतं. बाहेर भिंतीला एक लाकडी मोगर टेकवून ठेवलेला, खुंट्या ठोकायला असतो तसा, लांब दांड्याचा.

आतून ठकी म्हणाली, "बाबा."

मी थांबलो. ती वर आहे, मी स्वतःला सांगितलं. आत्ता बघून आलोय, तिच्या केळ्याचं साल माझ्या खिशात आहे.

"बाबा, दुखतंय."

सांगा, कोणता बाप तिथे उभा राहून विचार करेल? बॅगा कधी पडल्या आणि मोगर कधी हातात आला, मला माहीत नाही. दार लाथेनं उघडलं. आत भर दुपारचं ऊन होतं, वरच्या झरोक्यातून तिरपं आलेलं. फरशी धुतलेली, मधोमध गटाराची जाळी. आणि कोपऱ्यात, माझ्याकडे पाठ करून, कुणीतरी वाकलेलं. रुंद पाठ. वर उचललेला हात, आणि त्या हातात दुहेरी केलेला पट्टा. त्या पाठीपलीकडून ठकीचं रडणं येत होतं.

ती पाठ मी ओळखली. माझा बाप आता या जगात नाही, हेही मला माहीत होतं. मी मारलं.

पहिला घाव खांद्यावर बसला, गळ्याचं हाड गेलं. दुसरा कोपरावर. मी मोजत नव्हतो, पण कान नोंद घेत होते. हा दंड. हा मनगटाजवळचा. या दोन बरगड्या एकदम. अठरा वर्षं मी ही हाडं जोडत आलो होतो, आणि मोडायला किती सोपी असतात हे त्या दिवशी कळलं. रडणं वाढत गेलं. मी म्हणत होतो, "थांब बाळा, झालंच, झालंच हं," आणि आणखी मारत होतो. लाज वाटते, पण लिहितो. मला आनंद होत होता. पोटात बसलेला पलंगाखालचा तो पोरगा एकेका घावासरशी बाहेर येत होता. रडणं थांबलं तरी मी चार घाव जास्तीचे घातले.

मग मोगर आपोआप सुटला. समोर जे पडलं होतं त्यावर ऊन येत नव्हतं. मी डोळे पुसले, घामानं चरचरत होते. पाठ रुंद दिसली होती मला. जे पडलं होतं ते रुंद नव्हतं. ते माझ्या कमरेइतकंही लांब नव्हतं. एक पाऊल तेवढं उजेडात होतं, टाच वर.

मी पुढे होणार, तोच मागून बाई आल्या. त्यांनी हातातली चादर झटकन पसरून टाकली, कोपरे नीट केले.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता जा. गाडीशी वाट बघतायत तुमची."

मी चादर उचलायला हवी होती. कुणीही उचलली असती. पण बाहेरून बायकोची हाक आली, "अरे, कुठे आहेस? आलोय आम्ही!" आणि पाठोपाठ ठकीचा खोकला ऐकू आला. ती जिवंत होती, बाहेर होती. मी वळलो आणि निघालो.

७

तळं मागे पडलं, मोठा रस्ता लागला. मी बायकोला फळ्याचं सांगितलं, 'मूल चालतं'चं सांगितलं. तिनं तोंडावर हात धरला, मग शिव्या घातल्या, मग रडली. खोलीत काय झालं ते मी सांगितलं नाही. तळव्यांना फोड आले होते, ते बॅगांचे म्हणालो.

आणि मला फार बरं वाटत होतं. खांदे हलके झाले होते. एका ट्रकवाल्यानं वेडीवाकडी आडवी गाडी घातली, एरवी मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. मी हसलो आणि त्याला वाट दिली.

"खरंच शांत झालास रे तू," बायको डोळे पुसत म्हणाली.

ठकी मागच्या सीटवर होती. एवढ्या वेळात एक प्रश्न नाही, एक गाणं नाही. मी आरशातून बघितलं, तर ती माझ्या सीटच्या बरोब्बर मागे सरकून बसलेली, आरशात दिसणार नाही अशी. तिचा पट्टा लावलेला नव्हता. मी गाडी कडेला घेतली, उतरलो आणि मागचं दार उघडलं.

ठकीनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. कोपरं कानांवर, मान खाली. असं कसं धरायचं, हे मला चांगलं माहीत आहे. कुणी शिकवावं लागत नाही. मी वाकून तिला बघितलं. एक ओरखडा नाही, कुठे सूज नाही, काही नाही.

"अगं, पट्टा लावतोय फक्त," मी म्हणालो.

ती श्वास धरून होती.

"काय झालं गं बाळा?" बायकोनं मागे वळून विचारलं. "बाबा आहे तो."

"मी 'बाबा, बाबा' म्हणत होते," ठकी हातांच्या आडून म्हणाली. "तो थांबलाच नाही."

"कधी? तू तर माझ्याजवळ होतीस की. खिडकीत बसून केळं खात होतीस."

"हो," ठकी म्हणाली. "खाताना पण म्हणत होते."

बायको माझ्याकडे बघायला लागली. मला रडू यायला हवं होतं, निदान पाय तरी लटपटायला हवे होते. काही झालं नाही. ऊन छान होतं, वारा होता, आणि मला बरं वाटत होतं. पट्ट्याचं टोक हातात धरून मी तसाच उभा राहिलो. मग बायको उतरली, माझ्या हातातून तिनं तो काढून घेतला आणि स्वतः लावला.